पांढरी गाठ, लाल गाठ

माझी घरमालकीण रस्त्यात भेटलेल्या बाईला "कशी आहेस?" असं कधी विचारत नसे. "तोंड कसं हाये?" असं विचारी. उत्तराची वाट न बघता दोन बोटांनी तिची हनुवटी धरी आणि उन्हाकडे वळवी. देवळाच्या पायरीवर, एसटीच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, वाढप चालू असताना. पन्नाशीच्या पुढच्या बायका निमूट तोंड उघडत. मग ती कमरेला खोचलेला न्हाव्याचा गोल आरसा काढी, त्यावर ऊन झेली आणि तो कवडसा गालाच्या आत सोडी. डोळ्यांवर दोन चष्मे, एकावर एक. मी हसले तर म्हणाली, "दोन्ही लागतात मले. तोंड जवळ हाये, दुखनं लांब हाये."

पवनीत तिला सगळे नर्सबाई म्हणत. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करता करता ती म्हातारी झाली होती. घर विणकराचं, पण माग कधीचा बंद पडलेला. लग्न झालं होतं की नाही, हे दोन वर्षं तिच्या घरात राहून मला कळलं नाही. मी विचारलं नाही असं नाही. मी तेव्हा सगळ्यांना सगळं विचारायची. तेच माझं काम होतं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी बावीस वर्षांची, संघटनेनं भंडाऱ्याहून पाठवलेली. जवळ एक पत्र्याची ट्रंक, प्रश्नावल्यांचा गठ्ठा, स्टेन्सिलचे कागद आणि भरपूर राग. काम होतं मिरचीच्या सातऱ्यांवरच्या बायकांना एकत्र करण्याचं. सातरा म्हणजे व्यापाऱ्याचं मोकळं आवार. लालभडक मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती बसून दिवसभर देठ खुडणाऱ्या बायका. हातांची आग, डोळ्यांची आग, आणि मजुरी अशी की सांगायला लाज वाटावी. पत्रक लिहायला मला कधी एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागला नाही. समजून घ्यायला जास्त लागतो, म्हणून ते मी नंतरसाठी ठेवायची.

नर्सबाईच्या अंगणात मिरचीचं एकच झाड होतं, रांजणाच्या फुटक्या बुडात लावलेलं. त्याला ती रोज पाणी घाली, पानं पुसे. त्याची मिरची तोडायला मात्र कुणाला परवानगी नव्हती.

"मग लावलं कशाला?" मी विचारलं.

"पाहाले. सुंदर हाये ना? सुंदर हाये म्हनून तोंडात घालायचं, असं कोनी सांगतलं तुले?"

बुधवार तिचा. बुधवारी दुपारी जेवणं आटोपली की बायका येत. सातऱ्यावरच्या, विणकरांच्या घरातल्या, एक मास्तरीण, एक सोनाराची बायको. साऱ्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, साऱ्यांची पाळी गेलेली, आणि साऱ्यांच्या गालांच्या आतून एक पांढरी जाळी पसरलेली. बारीक, नक्षीदार, जणू कुणी आत बसून पांढऱ्या सुतानं विणत होतं. मध्ये मध्ये लाल, सोललेलं. गरम चहा लागला तरी डोळ्यांत पाणी यावं असं.

अंगणाचा नियम एकच होता. बुधवारी तिथं कुणी कुणाला प्रश्न विचारायचा नाही.

"दिवसभर ह्या बायकांले इचारूनच राहिले लोक," ती मला म्हणाली. "भाजी कोनती? माहा सदरा कुठी? पोरगी काहून परत आली? इथं तरी दम खाऊ दे."

मग ती प्रत्येकीच्या हातात पितळी वाटी देई. वाटीत गार पेज, तांदळाची, मिठाशिवाय. त्या पेजेचा मोठा घोट तोंडात घ्यायचा आणि बसून राहायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. नदीकडून वारा येई, निंबाची पानं एकेक करून खाली येत आणि वीसेक बायका गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून, भिंतीला टेकून बसलेल्या असत. कुणी बोलावलं तरी ओ देता येऊ नये, अशी सोय. सोनाराचा मुलगा एकदा दारातून ओरडला, "आई, चाबी कुठी हाये?" आईनं गालांकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. इतकं सुख मी त्या बाईच्या तोंडावर नंतर कधी पाहिलं नाही. त्या अंगणात ऊनसुद्धा हळू सरकायचं. मला तिथं बसलं की आपण पाण्याखाली आहोत असं वाटे, आणि वर कुठेतरी लांब गाव चाललं आहे.

मला ते मुळीच पटलं नाही. बायकांना आधीच कुणी बोलू देत नाही आणि ही बाई त्यांची तोंडं पेजेनं बंद करते! मी माझ्या वहीत लिहिलं, "मौनाचे षड्यंत्र". खाली दोन रेघा मारल्या.

घोट थुंकून झाला की ती एकेकीला उन्हात उभी करी. आरसा, कवडसा, दोन चष्मे. मग सुताचं काम. ओटीच्या भिंतीवर मागाची जुनी फणी टांगलेली होती, आणि तिच्या दातांना सुताचे धागे बांधलेले. प्रत्येक बाईचा एक धागा. बरा आठवडा गेला की पांढरी गाठ. आग असली की लाल सुताचा तुकडा गुंतवून लाल गाठ. काळं सूत सगळ्यांत क्वचित निघे. लाल जागा दोन आठवड्यांत भरली नाही आणि बोटाला टणक लागली, की काळी गाठ. काळी गाठ म्हणजे नागपूर, दातांच्या मोठ्या दवाखान्यात, तुकडा काढून तपासायला.

"रजिस्टर का नाही ठेवत?" मी विचारलं. त्या दिवशी बुधवार नव्हता.

"रजिस्टर मले वाचता येते. यायले सूत वाचता येते. तोंड कोनाचं हाये?"

ती हे सगळं नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईकडून शिकून आली होती. मला तिनं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, भाकरी थापताना, तांदूळ निवडताना. हे एकीचं दुसरीला होत नाही. एका ताटात जेवलं तरी होत नाही. मुळातून जात नाही, पण निजवून ठेवता येतं. दातांना घासायचा तंबाखूचा गुडाखू बंद, सुपारी बंद, तिखट-गरम बंद. दाताची धार गालाला लागत असेल तर ती घासून घ्यायची. लाल झालं की डॉक्टरीणबाईनं लिहून दिलेलं मलम, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. पाळी गेल्यावर बायकांना जास्त धरतं. आणि चिंता वाढली की जाळी लाल होते.

"कसली चिंता?" मी विचारलं.

"ते सुतात हाये," ती म्हणाली आणि तवा उतरवला.

आता मी केलं ते सांगते. लपवण्यात अर्थ नाही.

सातऱ्यावर मी चाळीस बायकांच्या प्रश्नावल्या भरल्या. त्यांतल्या नऊ जणींचं तोंड यायचं, आग व्हायची. मला आणखी काय हवं होतं? मी भंडाऱ्याला गेले, सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवून पाचशे पत्रकं काढली. "मिरचीच्या धुळीने मजूर स्त्रियांची तोंडे सडत आहेत! व्यापाऱ्यांनो, जबाब द्या!" खाली मागण्या, एक ते सात. पाचवी मागणी, सर्व स्त्री-मजुरांची मुख-तपासणी झालीच पाहिजे. ही मागणी मला विशेष आवडली होती.

नर्सबाईनं पत्रक दोन्ही चष्म्यांतून वाचलं. घडी केली आणि उशाखाली ठेवलं.

"मास्तरीण कोनता सातरा खुडते?" एवढंच म्हणाली.

मी म्हणाले की ते अपवाद असतात.

आठ दिवसांत पाचवी मागणी मान्य झाली. एका सातऱ्याच्या फाटकावर मुकादम हातात काडी घेऊन उभा राहिला. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणू लागला, "तोंड उघड." ज्यांच्या गालात जाळी दिसली त्यांना घरी पाठवलं. रोग आहे, दुसऱ्यांना लागेल, मिरची बाटेल, गिऱ्हाईक घेणार नाही. त्याच्या खिशात माझंच पत्रक होतं. त्यात बोट ठेवून तो वाचून दाखवत होता, "तोंडे सडत आहेत. पाहा, तुमच्याच पोरीनं लिवलं हाये." नऊच्या नऊ जणींचं काम गेलं. मी फाटकावर घसा फोडून ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तपासनी तुमीच मांगितली ना?"

त्या बुधवारी अंगणात दोघीच आल्या. पुढच्या बुधवारी कुणीच नाही. नर्सबाईच्या दारात दिसणं म्हणजे तोंडात रोग असणं, असं गावभर झालं होतं. सोनाराच्या घरी बाईचं ताट वेगळं काढलं. अंगणात पितळी वाट्या उपड्या पडलेल्या, आणि फणीवरचे धागे वाऱ्यानं एकमेकांना लागून हलत होते.

नर्सबाई मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. मला तिचं बोलणं हवं होतं. मी वाट पाहत होते. ती नुसता दूधभात कालवून खायची, गार करून, हळूहळू.

"नुसता दूधभात?"

"उपास हाये."

"कुठल्या देवाचा?"

"तुया पत्रकाचा," ती म्हणाली आणि डोळे मिचकावले. मी हसले. इतक्या दिवसांनी ती थट्टा करते आहे म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

मग एका सकाळी तिनं फणीवरून एक धागा सोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. खालच्या टोकाला काळी गाठ होती. पत्रक निघण्याच्या आदल्या बुधवारी बांधलेली.

"हे जनाचं हाये. आसगावची जना. पुढच्या हप्त्यात नागपूरले न्याची होती तिले. तुई पत्रकं आली आन् ती गेली. जा, घेऊन ये."

"काय सांगू तिला?"

"काई नको सांगू. इचारू त बिलकुल नको."

मोहाचे दिवस होते. पहाटे मोहाची फुलं गळतात, तेव्हा गावं झाडांखाली असतात. मी आसगावच्या पलीकडे चालत गेले तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. बांधांवर मोहाची झाडं धुक्यात उभी होती, पानं नसलेली, आणि फुलं टप टप पडत होती. सगळ्या हवेला तो गोड, जड, झोपाळू वास. जमीन फिकट पिवळी दिसत होती. झाडाखाली एक बाई टोपलीत फुलं वेचत होती, पदर नाकापासून हनुवटीपर्यंत ओढून.

मला पाहून जना ताठ उभी राहिली.

"तोंड पाहाले आली का? नाई दाखवत. फाटकावर दाखवलं तेवढं बस झालं."

माझ्याकडे सांगायला खूप होतं. क्षमा होती, मागण्या होत्या, नवीन पत्रकाचा मसुदासुद्धा होता. मी तोंड मिटलं. नर्सबाईची पेज तोंडात धरल्यासारखं. खाली बसले आणि फुलं वेचू लागले. बऱ्याच वेळानं धागा काढून तिच्या टोपलीवर ठेवला.

तिनं तो लगेच घेतला नाही. टोपली भरत आली तेव्हा उचलला. वरच्या टोकापासून बोटं सरकवू लागली, माळ ओढावी तशी. पांढरी, पांढरी, पांढरी.

"हे लाल," ती स्वतःशीच म्हणाली, "हे माह्या पोरीले सासरवाल्यानं आनून टाकलं तवाचं. लेकरू होत नाई म्हनून. रात्री बसमधून उतरवली आन् चालले गेले." बोट पुढं गेलं. "हे पांढरं. पोरगी पेज करून घाले मले. हे लाल. जवाई दुसरी करून राहिला असं आयकलं. हे लाल. हे लाल. हे त्याच्या लग्नाचं."

फुलं पडत होती. एक तिच्या केसांत अडकलं होतं, तिला माहीत नव्हतं.

"आन् बाई," ती माझ्याकडे वळली, "मिरचीच्या दिवसांत पाहा. ते लग्न सोडलं त सारे पांढरे हायेत. सातऱ्यावर गेलो का बरं वाटे मले. पोरगी डोळ्यासमोर नसे, बाया हसत, गानं म्हनत. तू तेच बंद पाडलं."

चाळीस प्रश्नावल्या भरल्या होत्या मी. हा प्रश्न त्यांत नव्हता.

तिची बोटं काळ्या गाठीवर थांबली. ती गाठ तिनं दोनदा चिमटीत धरून पाहिली.

"नागपूरले येतो," ती म्हणाली. "पन तू बोलाचं नाई."

मी बोलले नाही. नागपूरपर्यंत एसटीत आम्ही खिडकीतून धानाची मोकळी शेतं पाहत गेलो. दवाखान्यात गालाचा मसुरीएवढा तुकडा काढला. निकालाला वेळ लागणार होता. परत येताना जनानं पदर तोंडावरून काढला आणि वाऱ्याकडे गाल करून झोपली.

निकाल यायच्या आतच नर्सबाई सातऱ्यावर गेली. एका सकाळी आरसा कमरेला खोचला, दोन्ही चष्मे लावले आणि मला म्हणाली, "चाल." फाटकावर मुकादम काडी घेऊन उभा होता. बायकांची रांग होती. ती रांगेत उभी राहिली. शेवटी, नंबर लावून. मी मागे होते. तिचा नंबर आला तसा मुकादम गडबडला.

"नर्सबाई, तुमी कायले?"

"देठ खुडाले. तपास."

"अवो तुमचं काय तपासू?"

"तपास म्हन्लं ना. पाचवी मागनी हाये." आणि तिनं कमरेचा आरसा काढला, ऊन पकडलं आणि आपल्याच तोंडात कवडसा टाकला. पाठीमागून मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता, आणि मुकादमाचा चेहरा. तो चेहरा हळूहळू बदलला.

"दिसली जाळी? दहा वर्सं झाली मले," ती म्हणाली. "आता सांग. तीन सालामागं तुही पोरगी झाली तवा रडत होती?"

त्यानं काडी खाली केली.

"निळी पडली होती. कोनाच्या तोंडानं फुकर घातली तिच्या तोंडात? एक डाव नाई, किती डाव? तुनं मोजलं होतं, दारात उभं राहून. ह्याच तोंडानं. जा, घरी जाऊन तिचं तोंड उघडून पाहा. सडलं असन त ह्या बायकांले हाकल. मले पन हाकल."

रांगेत कुणी हललं नाही. काडी कुठे ठेवायची ते मुकादमाला कळेना. शेवटी त्यानं ती कानामागं खोचली आणि बाजूला झाला. नर्सबाई खरंच आत गेली, ढिगापाशी बसली आणि दुपारपर्यंत देठ खुडत राहिली. मजुरी घेऊनच उठली. नऊ जणी दोन दिवसांत परत लागल्या.

जनाचा निकाल आला. कॅन्सर नव्हता. पण ती जागा जपायची होती, दर तीन महिन्यांनी नागपूरला दाखवायची होती. त्या बुधवारी अंगण पुन्हा भरलं. मी उत्साहानं म्हणाले की आता काळी गाठ सोडून टाकू या.

"बांधलेली गाठ सोडत नसतात," नर्सबाई म्हणाली. "पुढं बांधतात." तिनं काळ्या गाठीखाली जनाच्याच हातांनी पांढरी बांधून घेतली. मग पितळी वाटी माझ्याही हातात दिली. मी पेजेचा घोट घेतला आणि भिंतीला टेकून बसले. षड्यंत्रात सामील झाले.

मी अजून पत्रकं लिहिते. सातऱ्यावरच्या मजुरीसाठी आम्ही नंतर लढलो आणि थोडी वाढवूनही घेतली, जना त्यात पुढं होती. नर्सबाई पुढं पंधरा वर्षांनी गेली, झोपेत, नदीवर धुकं असताना. बायका आल्या आणि फणीवरून आपापला धागा सोडून घेऊन गेल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. फणीवर शेवटी एकच धागा उरला, सगळ्यांत लांब, गुंडाळून ठेवलेला. तो कुणाचा ते जनाला माहीत होतं. तिनं तो मला दिला.

मी तो खिडकीपाशी बसून वाचला. खालच्या टोकापासून, एकेक बुधवार मोजत मागे गेले. पांढरी, पांढरी, मध्ये एखादी लाल, परत पांढऱ्या. वर्षांमागून वर्षं. मग मोहाचे ते दिवस आले, माझ्या पत्रकाचे. तिथं ओळीनं पाच लाल गाठी होत्या, एकीला लागून एक, इतक्या घट्ट की मधलं सूत दिसत नव्हतं.